कंठ फुटला
आज बोलता बोलता नातवाचा आवाज चिरकला आणि मला संस्थानी ग्वाल्हेरातली, नई सडकेवरची बुवांची गाण्याची खोली आठवली. मी आणि माझा जुळा भाऊ बाळू तिथे एकाच पट्टीत गायचो. एका सकाळी वरच्या षड्जावर बाळूचा आवाज फाटला. बुवा कौतुकाने हसले. "कंठ फुटला रे! वयात आलास. नवा आवाज बसेपर्यंत थांबू आपण."

त्याच महिन्यात मला पाळी आली, मी पहिल्यांदा बाजूला बसले. गळ्यात तसूभर फरक पडला नव्हता. आई म्हणाली, "वयात आलीस. अब बस, गाणं पुरे."

आता चिडायचाही कंटाळा येतो. बाळूचा आवाज कधी बसलाच नाही, तरी घर वर्षानुवर्षं त्याची वाट पाहत राहिलं. माझा तर फुटलाही नव्हता.