पोटात बाळ आणि मनात खपलीची खीर

"बाळ छान आहे. दुखतंय ते कॉन्स्टिपेशनमुळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी तपासणीच्या टेबलावरच रडायला लागले.

कॉन्स्टिपेशन म्हणजे बद्धकोष्ठ, पोट साफ न होणं. एवढ्याशा दुखण्याला कोण रडतं? पण माझं आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. पोटात कळ आली की काळजाचं पाणी व्हायचं. संडासात जोर करायचीसुद्धा भीती, न जाणो बाळाला काही झालं तर!

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. शिवाजी पेठेतल्या घरी सासूबाई मला फुलासारखं जपत होत्या. मऊ भात, साजूक तूप, दुधात बुडवलेला पाव. "जड काय खायचं न्हाय, पोटाला तरास नको," हे त्यांचं पालुपद. कांदा-लसूण उष्ण म्हणून बंद. त्यात रक्तवाढीच्या गोळ्या. पोटाचा नुसता दगड झाला होता. डोहाळे सगळे विचारतात, संडासाचं कुणी विचारत नाही. आपण होऊन सांगायची मला लाज वाटायची.

माझा डोहाळा एकच, आईच्या हातची खपलीची खीर. खपली म्हणजे आमच्या भागातला लालसर गहू. आई तो कांडून गुळात शिजवायची. माहेर नृसिंहवाडीला, एसटीनं जवळच. पण मला प्रवास बंद होता आणि वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं आईला घर सोडता येत नव्हतं. ती येणार नाही हे ठाऊक असूनही मी दुपारी खिडकीशी तिची वाट बघत बसायचे.

डॉक्टरीणबाईंनी माझं खाणं विचारून घेतलं आणि सासूबाईंकडं वळल्या. "काकू, सगळंच मऊ दिलंत तर आतड्यांनी करायचं काय?" त्यांनी एक पावडर लिहून दिली. "हे प्रीबायोटिक फायबर. आपल्याला न पचणारा चोथा, पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं ते खाद्य. थोड्यापासून सुरुवात करा, पाणी भरपूर प्या. कांदा-लसूण, अख्खं धान्य खा. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत."

"खपलीची खीर चालंल का?" सासूबाईंनीच विचारलं. माझा डोहाळा त्या विसरल्या नव्हत्या.

"चालेल की. गूळ बेतानं घाला."

घरी येताच सासूबाईंनी वाडीला फोन लावला. आईनं एका पावण्याबरोबर कांडलेली खपली पाठवली आणि कृती फोनवर सांगितली, सासूबाईंनी खीर शिजवली. मी अधाशासारखी वाट्यावर वाट्या खाल्ल्या, वर पावडरही दुप्पट घेतली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं! तुम्ही अशी घाई करू नका. पुढं प्रमाणात घेतलं आणि हळूहळू पोट वळणावर आलं. पहिल्यांदा जोर न करता मोकळी झाले, त्या सकाळी पेढे वाटावेसे वाटले.

खीर चांगली होती, पण आईची नव्हती. मी फोनवर तसं म्हणाले तर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. पोट साफ झालं का न्हाय?"

त्यानंतर रोज हाच प्रश्न. फोन सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. मी लाजून नुसतं "व्हय" म्हणायचे.

लेक सुखरूप जन्मली. गरोदरपणात असा त्रास झाला तर लाजू नका, वेळेवर डॉक्टरांना सांगा. डॉक्टरीणबाईंचे आणि सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आई आता नाही. खपलीची खीर मी करते, अगदी तिच्यासारखी होते. माणसं फोनवर नोकरीचं विचारतात, लेकीच्या शाळेचं विचारतात. पोट साफ झालं का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते "व्हय" म्हणायला अजून जीव आसुसतो.