डावीकडे मारायचं नाही

वडीगोद्रीच्या रस्त्यावर पुण्याची एसटी थांबली तेव्हा माझ्या हातात कपड्यांची बॅग होती आणि अप्पांच्या खांद्यावर सॉफ्टबॉलची बॅट, खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली. कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय? मागं डिकीत टाका." अप्पा म्हणाले, "पोरगी याच्यासाठीच चाललीय. मांडीवर ठेवू द्या." गाडी सुटायच्या आधी ते खिडकीखाली आले. "एक वर्ष. विद्यापीठाच्या टीममधी आलीस तर बिलकुल रहा. न्हाई आलीस तर मंग अंबडचं कॉलेज काय वाईट हाय?" माय नुसती डोळे पुसत होती. मी मात्र रडले नाही. वर्ष म्हणजे पुष्कळ, असं तेव्हा वाटलं होतं.

पोरींनो, आपल्या शाळेच्या टीममधल्या ज्या गावात राहिल्या, ज्या लग्न होऊन टेंभुर्णीला, मंठ्याला गेल्या आणि ज्या माझ्यासारख्या बॅग उचलून निघाल्या, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. कारण पुण्यात माझं जे हसं झालं, त्यात तुम्ही सगळ्या वाटेकरी आहात.

पहिल्याच दिवशी कोच मॅडमनी समोरून हळू चेंडू टाकायला लावले. मी दहा फटके मारले. दहाच्या दहा उजवीकडे गेले. मॅडमनी टोपी मागे सारली. "तू चेंडू पार पोटाजवळ येईपर्यंत थांबतेस. कुणी शिकवलं तुला हे?"

काय सांगणार? आपल्या शाळेच्या मैदानाच्या डाव्या अंगाला बापूकाकांची मोसंबीची बाग. बहार धरलेला असला की काका धुऱ्यावर, बांधावरच, खुर्ची टाकून बसायचे. चेंडू बागेत गेला की तो जप्त, थेट रविवारपर्यंत. आपल्याकडे चेंडू दोनच. म्हणून आपल्या खेळाच्या सरांनी नियम केला होता, डावीकडे मारलं की आउट. मग आपण सगळ्या चेंडूला उशिरा भिडायला शिकलो. तालुक्यात तर आपलं फावलंच, कारण समोरच्या टीमा डावीकडे दाटीनं उभ्या राहायच्या आणि आपण निवांत उजवीकडे. जिल्ह्याला मात्र एका टीमनं आपली खोड ओळखली आणि आपण तोंडावर आपटलो. तरी नियम काही बदलला नाही. काकांपुढे कोण बोलणार?

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुली पोट धरून हसल्या. माझं 'न्हाई' आणि 'करून राह्यले' ऐकून त्या आधीच हसत होत्या, त्यात ही भर. मला असा राग आला की बॅट टाकून निघून जावं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाग इथे नाही. पण ती तुझ्या मनगटात आहे, ती काढायला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवसापासून टी. टी म्हणजे रबराचा उभा दांडा, त्याच्या टोकावर चेंडू ठेवून मारायचा. चेंडू हलत नाही, त्यामुळे चूक कुणाच्या माथी मारता येत नाही. मॅडमनी तो दांडा माझ्या डाव्या पायाच्याही वीतभर पुढे ठेवला आणि जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. चेंडूला भिडायचं ते त्या रेघेवर. आधी कंबर फिरवायची, हात मागून. माझे तर कंबरेआधी हातच धावायचे. मग जाळीपासून बॅटभर अंतरावर उभं करून स्विंग करायला लावायच्या. हात लांब गेले की बॅट जाळीला खणकन लागायची आणि अख्ख्या मैदानाला कळायचं. रोज शंभर फटके. तळहाताला फोड आले, ते फुटले, घट्टे पडले. मेसची पोळी तोडतानाही हात दुखायचा. फोनवर माय विचारायची, "जेवलीस का?" आणि अप्पा मागून विचारायचे, "जमून राह्यलं का?" मी सरळ खोटं बोलायचे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि विद्यापीठाच्या टीमच्या निवड चाचणीचा दिवस उगवला. वर्ष संपत आलं होतं. पहिल्या दोन वेळा बॅटिंगला गेले आणि घाबरून जुनंच केलं. उजवीकडे दोन सोपे झेल. तिसरी वेळ शेवटची होती. समोरची पिचर उंच, चेंडू अंगावर आणणारी. मी स्वतःला म्हटलं, आज आउट व्हायचंच असेल तर डावीकडे मारून होऊ. चेंडू आला. मी थांबले नाही, पुढे जाऊन त्याला गाठलं. हाताला काही जाणवलंच नाही, इतका तो फटका बरोबर बसला होता. चेंडू डाव्या बाजूच्या फिल्डरच्या डोक्यावरून जाळीपलीकडे गेला आणि मी मठ्ठासारखी तिथंच उभी राहिले. खरं सांगते पोरींनो, मी कुणीतरी 'आउट' म्हणून ओरडायची वाट पाहत होते. ओरडल्या त्या मॅडम. "अगं, पळ की!" मी चारही बेस पळाले आणि जी पोरगी माझ्यावर सगळ्यात जास्त हसली होती, तिनंच मला उचललं.

आज मी तिसऱ्या वर्षाला आहे. रूममेटशी बोलताना निम्मं इंग्रजी येतं, 'करून राह्यले' फक्त फोनवर उरलंय. नव्या मुलींना टी लावून देते, रेघ मीच ओढते. इथं माझं सगळं बस्तान बसलंय. पण घर कोणतं, असं कुणी विचारलं की मला निवडीची यादी लागली त्या सकाळचा फोन आठवतो. "अप्पा, नाव आलं," एवढंच मी म्हटलं. ते फोन तसाच हातात धरून अंगणात गेले असावेत, कारण आवाज लांबून आला. ते मायला, शेजाऱ्यांना, रस्त्यानं जाणाऱ्यांनाही ओरडून सांगत होते, "न्हाई येत आता ती! ऐकलं का? आपली पोरगी आता परत येत न्हाई!"

मी परत येणार नाही म्हणून जिथं पेढे वाटले, ते माझं घर.