करगा

पोलीस पाटील म्हणून त्या दिवसाचा पहिला अहवाल मी लिहिला होता. 'दोन गटांत हाणामारी.' या तीन शब्दांसाठी आज लिहायला बसलो आहे.

हाणामारीला दोन बाजू लागतात. आमच्या गावाने जाळली ती तळ्याच्या पाळीखालची वस्ती वेगळ्या बोलीची, वेगळ्या देवांची. तिथून एक काठीही उगारली गेली नाही. वस्तीच्या मधोमध आमच्यातल्या एकाचं घर होतं. ते जळू नये म्हणून त्याच्या कुडांवर आदल्या दिवशीच ओली पोती टाकली होती. मेलेल्यांची नावं मी बरोबर लिहिली, पाळण्यातल्या पोराचंही. फक्त शब्द खोटा लिहिला.

वस्तीतली एक बाई वाचली. आता ती आमगावात भाजी विकते. यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर माझ्या दारात आली. चहा नको म्हणाली. वकिलाने तिला सांगितलं होतं, किती मेले यावर ठरत नाही. अख्खी जमात संपवायचं मनात होतं का, यावर ठरतं. तसं असेल तर त्याला दंगल म्हणत नाहीत, नरसंहार म्हणतात.

"पाटील, आदल्या दिवशीच्या बैठकीत तुमी होते. का बोलणं झालं थे सांगा."

म्हातारा झालो, आठवत नाही, असं मी म्हणालो.

"नावं तं सारे आठवले होते लिवाच्या वक्ती."

धानात करगा उगवतो. दिसायला धानासारखाच, पण दाणे आधीच झडतात आणि पुढल्या साली बांधीभर तोच होतो. म्हणून तो मुळासकट उपटतात. बैठकीत काही जण म्हणत होते, चौघांना धडा शिकवू, बायापोरं सोडू. तेव्हा एक जण म्हणाला, "करगा अर्धा निंदून का फायदा?" सगळे हसले. नंतर पोरांचा विषय कोणी काढला नाही.

तो एक जण मी होतो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते नुसतं बोलणं होतं, हुकूम नव्हता. पण धान पिकवणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

शेवटी हे सगळं मी तिला सांगितलं. ऐकून ती रडली नाही, तिने शिवीही दिली नाही. "हेच लिवून द्या. तुमच्याच अक्षरात."

लिहून दिलं, सही केली. कागद पिशवीत घालून ती निघून गेली.

मुलगा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. "कायले लिवून देल्लं?" एवढंच एकदा म्हणाला. "इचारणारं कोन उरलं होतं?"

तेच तर ठरलं होतं.