किडेकाकांचा निळा

दुसऱ्याने रंगवलेलं काही किडेकाकांना आवडलंय, असं मी कधी पाहिलं नाही. कुणी नवी फौज टेबलावर मांडली की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, वाकून पहिली रांग बघायचे आणि नाकातून बारीकशी हवा सोडायचे. बस, तेवढंच. रंगवणाऱ्याचा महिना तिथेच मातीत जायचा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. परग्रहावरच्या प्राण्यांच्या फौजा विकत मिळतात, प्लास्टिकच्या, एकेक सैनिक अंगठ्याएवढा. पुष्कळ पाय, नांग्या, पाठीवर कवच. डब्यातून निघतात तेव्हा सगळे राखाडी असतात. रंग ज्याचे त्याने ठरवायचे, द्यायचे, आणि मग टेबलावर मांडून फासे टाकत लढाया करायच्या. वसईत ब्रायनच्या घराच्या पडवीत रविवारी आमचा अड्डा जमायचा, ब्रायन चर्चमधल्या मिस्साहून परत आला की. तो, सॉफ्टवेअरमधला नीतेश, विरारहून जाणारी मी आणि आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने बरेच मोठे किडेकाका. चांगली कमावती माणसं बाहुल्या खेळतात, असं माझी आई म्हणायची. तिचं फारसं चुकत नव्हतं.

काका वसईजवळच्याच गिरीज गावचे. घरची केळी-नारळाची वाडी होती, पण त्यांनी वालीवला एका गाळ्यात दातांची लॅब काढली होती. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि काका शेजारच्या दाताशी रंग जुळवून कॅप बनवून द्यायचे. या धंद्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे न थरथरणारा हात, आणि दुसरी म्हणजे बाकीच्या जगाला रंग दिसत नाहीत अशी पक्की खात्री. "माणसाच्या तोंडात पांढरा रंग नसतोच," ते म्हणायचे. "दात पांढरे आहेत असं ज्याला वाटतं, त्याने भिंती रंगवाव्यात."

किड्यांचं वेड मात्र वाडीतलं. त्यांचे वडील माडावर चढून शेंड्यातला गेंड्या भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढायचे आणि खाली टाकायचे. लहानग्या काकांचं काम तो चिरडायचं. "मी आधी उलटा करून त्याचं पोट बघायचो," त्यांनी एकदा सांगितलं. "तपकिरी वाटतो ना? पोटाशी तांबूस लव असते. ती बघेपर्यंत भुंगा पळून जायचा आणि मी मार खायचो." वडिलांबद्दल याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

तर काकांचा सिद्धांत असा, की परग्रहावरचा प्राणी कसा दिसतो हे आपल्यातल्या कुणालाच ठाऊक नाही, मग उगाच डोकं कशाला चालवायचं? किड्याकडे बघावं. "किड्याकडे तीन रंग असतात," ते बोटं न मोजता सांगायचे. "एक लपायचा, एक दम द्यायचा आणि एक पंख उघडल्याशिवाय न दिसणारा. चौथा रंग घेतलात तर तुम्ही सैनिक रंगवत नाही, रिक्षा रंगवताय."

नीतेशने चौथाच काय, सातवाही घेतला होता. इंटरनेटवरचा एक व्हिडिओ थांबवत थांबवत त्याने जांभळी, पोपटी आणि वरून चकाकणारी अशी फौज रंगवून आणली. काकांनी ती बराच वेळ पाहिली. "ही लढायला निघालीय की गरब्याला?" त्यांनी विचारलं. नीतेश हसला. नीतेश नेहमीच हसायचा. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो माणूस सगळ्यांशी फार गोड वागतो, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

मी पहिली फौज लाल रंगाची, काळ्या ठिपक्यांची केली होती. "हा चित्रांच्या पुस्तकातला किडा," काका म्हणाले. "ज्यांना एकच किडा माहीत असतो ते हाच काढतात. तुमच्याकडे भेंडी आणतात की नाही?"

"आणतात. बाजारातून."

"मग भेंडीच्या झाडावर लाल किडा कसला असतो ते तुला कसं कळणार? रविवारी घरी ये."

मी गेले. ते मला भाजीच्या वाफ्यात घेऊन गेले आणि स्वतः बांधावर उभे राहिले. भेंडीच्या झाडावर लाल ढेकणासारखे किडे होते. काकांनी वाकून एक चिमटीत धरला आणि उलटा केला. पोटावर पांढरे पट्टे होते, खडूने ओढल्यासारखे. वरचा लाल त्या पांढऱ्यामुळे एकदम धमकी दिल्यासारखा वाटायला लागला. मी घरी येऊन सगळी फौज पुन्हा रंगवली. काकांनी पाहिली आणि म्हणाले, "निदान आता चावेल असं वाटतं." ब्रायनने मला कोपराने ढोसलं. काकांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नव्हतं.

काकी या सगळ्यात कुठे होत्या? स्वयंपाकघरात. गिरीजला गेलं की चहा यायचा, सोबत वाडीतली केळी यायची आणि दारातून एक कोरडं वाक्य. "झाले का किडे बघून? मग हात धुवा." काकांची फौज काचेच्या कपाटात असायची आणि तिला हात लावायची परवानगी घरात कुणालाही नव्हती. काकी तर कपाटाच्या काचाही पुसायच्या नाहीत. त्यांना त्या बाहुल्यांचा रागच असावा, अशी माझी समजूत होती.

मग काकांनी एक मोठी फौज रंगवायला घेतली. वाडीतल्या सुक्या वाशांना भोकं पाडणारा काळाभोर भुंगा असतो, त्याच्या पंखांवर उन्हात निळी-जांभळी झाक मारते. फौज त्याची. वर्षभर ते त्यावरच बोलत होते. काळ्यातून निळा उमटायला हवा, वर बसलेला दिसता कामा नये, वगैरे. दरम्यान दंतवैद्यांकडून कॅप परत येऊ लागल्या होत्या. रंग जुळत नाही म्हणून. "हल्लीच्या डॉक्टरांना डोळेच नाहीत," काका म्हणायचे. आम्हाला ते पटायचं, कारण तोवर डोळे फक्त काकांनाच आहेत असं आम्हीही मानत होतो.

एका रविवारी त्यांनी ती फौज पडवीत मांडली. मी पाहिलं. काळ्या अंगांवर निळाच निळा होता, जाड, कच्चा, कपड्यांच्या निळीसारखा. पंख बादलीत बुचकळून काढल्यासारखे दिसत होते. काका चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे बघत उभे होते.

"जबरदस्त, काका," नीतेश म्हणाला.

ब्रायन म्हणाला, "मेहनत दिसते."

मेहनत दिसते हे वाक्य ज्याने शोधलं त्याला सगळ्या भित्र्यांनी मिळून हार घालायला हवा. मी एका पंखावर वाकले. मग म्हणाले, "काका, निळा फार झालाय. नीळ घातल्यासारखा दिसतोय."

ते हळूच वळले. "तुला झाक आणि रंग यातला फरक कळतो?"

"तुम्हीच शिकवलात. ही झाक नाहीये."

"भेंडीवरचा एक किडा बघितलास तर लगेच मला शिकवायला निघालीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "विम्याच्या ऑफिसात बसतेस ना? तिथेच बस. रंग हे तुझं काम नाही."

मी ब्रायनकडे पाहिलं. तो फासे गोळा करत होता. नीतेशने फोन काढला होता. मी माझा डबा उचलला आणि निघाले. विरारला पोचायच्या आत नीतेशचा मेसेज आला, 'तू म्हणालीस ते बरोबर होतं गं, पण त्यांना कशाला दुखवायचं.' मी उत्तर दिलं नाही. त्याच्या त्या सगळ्या गोडव्यापेक्षा मला काकांनी केलेला अपमान परवडला. पण पुन्हा त्या पडवीत जायची इच्छा उरली नाही, आणि रविवारी मी घरातले पंखे पुसायला लागले.

बऱ्याच दिवसांनी काकींचा फोन आला. "ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "एका डोळ्याचं. तुला सांगितलेलं बरं, म्हणून केला."

"बरे आहेत ना?"

"डोळा बरा आहे. माणूस बिघडलाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी निघाल्यावर काका स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, फरशा नव्या कधी बसवल्या? फरशा जुन्याच होत्या. इतकी वर्षं काकांना त्या पिवळट दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यावर पिवळा पडदा येतो, आणि सगळ्यात आधी निळा मरतो. म्हणून काका निळा घालत गेले होते, दिसेपर्यंत. त्यांनी ते ऐकलं, घरी आले आणि कपाट उघडून काळ्या भुंग्यांसमोर बसले. जेवायला उठले नाहीत.

"रडले?" मी विचारलं.

"ह्यांच्या डोळ्यात औषध होतं," काकी म्हणाल्या. "काय ते कळलं नाही."

पुढच्या रविवारी काकींच्या स्कूटरवर मागे बसून, काळा चष्मा लावून काका ब्रायनकडे गेले. काकींसमोरच त्यांनी दोघांना विचारलं, "तुम्हाला दिसत होतं?" ब्रायन खुर्ची आणायला आत वळला. नीतेश म्हणाला, "काका, तुम्हाला वाईट वाटलं असतं." काका म्हणाले, "म्हणून दोघांनी मिळून मला गावभर ती फौज दाखवू दिलीत." आणि ते पडवीच्या पायऱ्या उतरले. पुन्हा कधी चढले नाहीत.

तिथून त्यांनी स्कूटर थेट विरारला वळवायला लावली. आमची लिफ्ट बंद होती, काकी खाली स्कूटरपाशीच थांबल्या. जिने चढून धापा टाकत ते दारात उभे राहिले. माझ्या आईने पाणी दिलं. ते प्याले आणि खिशातून कवळी ठेवायची एक प्लास्टिकची डबी काढली. आत रताळ्याचं पान होतं आणि पानावर कासवासारख्या पाठीचा इवलासा भुंगा, सोन्याचं पाणी चढवल्यासारखा. त्याच्या कडा आरपार दिसत होत्या.

"बघून घे," ते म्हणाले. "मेला की सोनं जातं. तपकिरी पडतो. याचा रंग जिवंतपणीच बघावा लागतो."

मी बघितला. आई पण वाकून बघत होती. मग काकांनी पिशवीतून दुसरा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात काळे भुंगे होते.

"यातला निळा काढायचाय," ते म्हणाले. "माझा दुसरा डोळा अजून खोटं बोलतो."

माफीचा एक शब्द त्यात नव्हता. मी वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर अजून पाहतच असते.

त्यानंतरचे रविवार गिरीजच्या खिडकीपाशी गेले. मी एकेका पंखावरचा रंग घासून काढायचे, काळा चढवायचे आणि निळ्याचा जेमतेम एक पातळ हात द्यायचे. ते शेजारी बसून माझा उद्धार करायचे. "हा पंख आहे, मांडवाची झालर नव्हे." "अर्धा पुस." "आता पुसलास तो बरोबर होता." त्यांची जीभ तशीच होती, पण आता ती चुकली की मी सांगायचे आणि ते दुसरा डोळा मिटून, ऑपरेशनच्या डोळ्याने पुन्हा बघायचे. कधी कधी म्हणायचे, "हं." तो एक 'हं' मिळवायला मी दिवसभर खपायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

फौज झाल्यावर आम्ही ती मुंबईत एका प्रदर्शनात नेली. दाढीवाल्या तरुण परीक्षकाने विचारलं, "हा कोणत्या गोष्टीवरून घेतलाय?" काका म्हणाले, "ओळखता येत नसेल तर तुम्ही त्या बाजूला आणि आम्ही या बाजूला कसे?" बक्षीस मिळालं नाही. काकांना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. गिरीजला पोचल्यावर दारातच ते काकींशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. मला ती बोली कळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

काकी सरळ माझ्याकडे वळल्या. "म्हणतायत, पोरीचा डोळा चांगला आहे."

"मी तसं म्हणालो नाही," काका म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली होती, पण त्याआधीच वाडीत केळीला पाणी लावताना ते बसले ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

दिवस झाल्यावर ब्रायन येऊन म्हणाला, "फौज माझ्या पडवीत काचेच्या पेटीत ठेवू, खाली काकांचं नाव लिहू." नीतेशला तिचा व्हिडिओ करायचा होता, मागे संगीत लावून. काकींनी दोघांना चहा दिला आणि कपाटाला कुलूप लावलं. ते गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. कुलूप काढलं, डबा टेबलावर आणला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हे खेळतात कसं, ते शिकव मला," त्या म्हणाल्या.

आता रविवारी मी गिरीजला जाते. काकी फासे फार जोरात टाकतात आणि सैनिक मानेला धरून उचलतात. पंखांच्या टोकांवरचा रंग निघायला लागलाय. मी एकदा तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "निघू दे. तू पुन्हा लावशील." गेल्या रविवारी त्यांनी माझी सगळी फौज आडवी केली, शेवटचा सैनिक स्वतःच्या हाताने टेबलावरून उचलून माझ्यापुढे ठेवला आणि बराच वेळ त्या काळ्या भुंग्यांकडे बघत बसल्या.

"एवढी मजा होती होय यात," त्या म्हणाल्या. "आणि ह्या माणसाने मला इतकी वर्षं नुसता चहा करायला लावला."