गोणीतली आठवी पायली

'मानवी बुद्धीच्या पलीकडे एक अफाट शक्ती वास करते' — हे वाक्य आमच्या गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर बरेच दिवस होतं. फळा मीच लिहायचो, कारण ग्रंथपाल मीच होतो. विश्वास मात्र कधी ठेवला नाही.

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. सहा वर्षांपूर्वी आंब्यावरून पडलो, तेव्हापासून व्हीलचेअर. दिवसभर बसूनच राहिलो, दुपारी पाठ टेकली नाही, तर मला जखमा होतात, म्हणून माझी बायको विमल मला उचलून खाटेवर ठेवायची. गेल्या उन्हाळ्यात तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. धानाची रोवणी महिन्यावर आलेली… मला स्वतः खाटेवर जाता आलं नाही, तर ती दिवसभर शेतावर, धानाच्या बांधीत जाणार कशी? दंडात ताकद हवी होती.

भंडाऱ्याच्या एका जिममध्ये गेलो. मालक अदबीनं म्हणाला, "काका, मशीनच्या सीटवर बसावं लागते जी."

"सीट काढ ना भाऊ. मी माही घेऊन आलो."

"वेल्डिंग केली आहे जी."

मग घरीच छपराच्या आड्याला विहिरीची जुनी गडगडी टांगली. दोराच्या एका टोकाला काठी, दुसऱ्याला धानाची गोणी. चाकांना विटा लावायच्या, काठी खाली ओढायची — झाली जिम.

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. विमलनं सुरू केलं, "लाभ… दोन…"

मी अडवलं. "व्यायामाले लाभ-बिभ नाही. एकपासून मोज."

"पहिलीले एक म्हनलं का बरकत जाते, मालूम आहे ना?"

"जाऊ दे."

तिनं तोंड वाकडं करून सात पायल्या भरल्या. मी समोर बसून बोटांवर मोजत होतो. सातच. गोणीचं तोंडही मीच दाभणानं शिवलं.

आठ दिवस गोणी जमिनीवरून हलली नाही. नवव्या दिवशी सकाळी काठी ओढली आणि गोणी हातभर वर! लागोपाठ दहा वेळा. मला वाटलं, उंदरानं भोक पाडलं, धान सांडलं. पण गोणी धड होती, शिवण माझीच, जशीच्या तशी. उसवून विमलला मोजायला लावलं.

आठ भरल्या.

पायली मांडीवर घेऊन मी स्वतः मोजल्या. आठ.

"तू टाकली का?"

"शिवली तं तुमीच होती. मी कुटून टाकीन?" मग जरा थांबून म्हणाली, "पन पहिलीले मी मनात लाभच म्हनलं होतं. तुमचं ऐकून कोन बरकत घालवते?"

सात न हलवणाऱ्यानं आठ कशा उचलल्या, आणि आठवी आली कुठून — बरंच वाचूनही दोन्हींचं उत्तर मिळालेलं नाही. रोवणीला विमल गेली. पहिल्याच दुपारी मी स्वतः खाटेवर गेलो, जरा तिरपा पडलो, पण गेलो.

ते धान आम्ही भरडून खाल्लं. गोणीत आता विटा आहेत. त्या मोजाव्या तेवढ्याच निघतात.