बिनमाणसाची बोट आणि बाबांचं जाळं

आमच्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

महापेला आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही बिनमाणसाच्या बोटी बनवतो. उथळ पाण्यात युद्धनौकेच्या पुढे अशी बोट सोडायची. तिने पाणी किती खोल आहे ते मोजत जायचं आणि सुरुंग दिसला की थांबून मागे कळवायचं. मग मोठं जहाज गाळात रुतत नाही, माणसं जिवानिशी जात नाहीत. काम मला मनापासून आवडतं. साहेब आवडत नाहीत, एवढंच.

पहिली चाचणी मोऱ्याच्या पाण्यात ठरली. मोरा माझं गाव, बाबा तिथेच मासेमारी करतात. मी साहेबांना म्हटलं, त्या वाटेवर जाळी लावलेली असतात, आधी गावात विचारू या. ते म्हणाले, "तू सांगितलं तेवढं काम कर." बोट सुटली ती बाबांच्या जाळ्यातून आरपार गेली. अख्खा पावसाळा घरात बसून बाबांनी ते विणलं होतं.

फाटकं जाळं खांद्यावर टाकून बाबा जेट्टीवर आले. "तुमचे बोटीला डोलं हायेत ना? मंग जालं दिसलं नाय?"

"काका, तुम्ही जाळं मध्ये टाकताच कशाला?" असं म्हणून साहेब हसत गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मला म्हणाले, "काल आपली बोट हिच्या बाबांना गावली. काय गं, बाजारात काय भाव आला?" सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याचा वचपा काढायचा, हे मी त्याच खुर्चीत बसून ठरवलं.

मग मी बोटीचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. पाण्यात अर्धवट बुडालेलं, गोल काहीही दिसलं की थांबायचं. सुरुंग असो की जाळ्यावर तरंगणारा बोया, थांबायचंच. पुन्हा कुणा बापाचं जाळं फाटायला नको. साहेबांनी तो प्रोग्रॅम नौदलाला 'माझं लॉजिक' म्हणून दाखवला, माझं नावही घेतलं नाही. चला, आणखी एक हिशेब वाढला.

मोठी चाचणी ऑगस्टमध्ये होती. साहेबांनी दिवस निवडला नारळी पौर्णिमेचा. "कोळी त्या दिवशी मासे धरत नाहीत. जाळी नाहीत, टेन्शन नाही," असं म्हणून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. ते पुण्याचे. त्यांच्या लेखी ही पौर्णिमा म्हणजे ताटातला नारळीभात. त्या दिवशी आमच्याकडे घराघरातून दर्याला नारळ जातो, हे सांगायला माझी जीभ वळवळली. मी ती दाताखाली धरली. सांगितलं तेवढंच काम करायचं होतं ना?

त्या दुपारी सगळं मोरा किनाऱ्यावर होतं. बँड, पताका लावलेल्या होड्या, नव्या साड्या. ओहोटी लागली तसे नारळ तरंगत निघाले. आमची बोट पुढे होती. मागच्या जहाजावर साहेब आणि नौदलाचे अधिकारी पडद्यासमोर उभे होते. मीही होते, मागे.

बोट थांबली. पडद्यावर उमटलं: सुरुंग. साहेबांची छाती फुगली. बोट वळसा घालून निघाली आणि पुन्हा थांबली. सुरुंग. मग इकडे सुरुंग, तिकडे सुरुंग, पडदा लालेलाल. जहाज जागचं हलेना. मला इतका आनंद झाला की कठडा घट्ट धरून उभी राहिले.

अधिकाऱ्यांनी दुर्बीण लावली. "अहो, हे नारळ आहेत."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, सगळा प्रोग्रॅम हिचा आहे. माझा काही संबंध नाही."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले.

"तुमचा?" अधिकारी माझ्याकडे वळले. "एकही नारळ सोडला नाही बोटीने. नारळ कुठला आणि सुरुंग कुठला, ते शिकवता येईल. न थांबणारी बोट आमच्या काय कामाची? पण आजचा दिवस कुणी ठरवला?"

"साहेबांनी," मी खणखणीत आवाजात म्हणाले.

अधिकारी साहेबांना म्हणाले, "पुढची चाचणी मच्छीमारांना विचारून. आणि विचारायला तुम्ही स्वतः जायचं."

म्हणून त्या रविवारी साहेब आमच्या दारात आले. बाबा ओटीवर तेच फाटकं जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा. जालं सांदून होऊं दे."

साहेबांनी खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी इस्त्रीच्या पँटीत जमिनीवर बसले. जाळं बरंच बाकी होतं. आईने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

"पावना हाय गो," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला.