ऑलिव्हची बाटली आणि अक्कांचा कान

"निंघना का? निंघना का?" आबा माझ्या मागे उभे राहून विचारत होते. त्यांच्या पत्नी अक्का टेबलाची कड धरून ओरडत होत्या, "डाक्टर, मी मरी जासू!"

दुपारी ओसरीवर आडव्या झाल्या, तेवढ्यात कानात झुरळ शिरलं होतं. जिवंत. आबांनी घरी आगपेटीची काडी घालून पाहिली, तसं ते आणखी आत गेलं.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यात कान-नाक-घशाचा दवाखाना नुकताच टाकला होता. ऑटोस्कोप, म्हणजे कानात बघायची बॅटरी, लावली. पडदा शाबूत होता, पण त्याच्यावरच पाय वळवळत होते. अशा वेळी चिमटा घातला तर पडदा जायचा. आधी कोमट तेलाने किडा मारायचा, मग काढायचा. चिठ्ठीवर खरडलं, 'ओलियम ऑलिव्ही'. ऑलिव्हचं तेल.

आमचे कंपाउंडर नाना चिठ्ठीवर असेल तेच देणारे.

"बाटली संपली, डॉक्टर. माल उद्या येईल जळगावहून."

"उद्या?" अक्का किंचाळल्या.

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो आणि कॉलेजातलं एक लेक्चर आठवलं. रोमन लोकांचं तेल म्हणजे ऑलिव्हचंच. त्या फळाच्या नावावरून 'ओलियम' आलं, आणि पुढे सगळ्याच तेलांना तेच नाव पडलं. पेट्रोलियमसुद्धा त्यातलंच! आणि आपला 'तेल' हा शब्द? तो तिळावरूनच आलेला! मी चक्क टाळी वाजवली. कानाला तरी काय हवं होतं? स्वच्छ, सौम्य तेल.

"नाना, खालच्या किराणावाल्या शेटजींकडून तिळाचं आणा! आपल्याकडे तेल म्हणजे मुळात तेच!"

"असेल. लिहून द्या. लॅटिनमध्ये."

मी दात-ओठ खात लिहिलं, 'ओलियम सिसेमी'. नानांनी ते नीट वाचलं, आणि मग त्या वयात धडाधड जिना उतरले.

तेल कोमट केलं, थेंब थेंब सोडलं. आबा वाकून बघत म्हणाले, "हाई तेल त आमना घरमां बी शे!" मी त्यांना रोमपासून सुरुवात करून सगळं सांगू लागलो. वळवळ थांबली. चिमट्याने झुरळ अख्खंच्या अख्खं बाहेर!

"निंघना!" आबा ओरडले. मला इतका आनंद झाला होता की मी पेट्रोलियमवर आलो.

अक्कांनी हात वर केला.

"आते बठ्ठं ऐकू येस, डाक्टर. म्हणीसन जरा गप बसा."

तेव्हापासून माझ्या कपाटात तिळाच्या तेलाची बाटली कायम असते, नानांच्या समाधानासाठी लॅटिन लेबलासकट. आणि पेशंटचा कान मोकळा झाला, की डॉक्टरने तोंड बंद करायचं असतं.